पुण्यात गाडीला विंटर टायर लावायचे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर आला की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. कुणाचा मुलगा म्युनिकहून फोनवर सांगतो की बाबा मी विंटर टायर टाकले, तुम्ही टाकले का. कुणी नाताळच्या सुट्टीत स्वतःची गाडी घेऊन मनालीला निघालेलं असतं. आणि कुणाला नुसतीच शंका असते की पाषाणला पहाटे एवढं गारठतं तर टायरला काही होत असेल का. मी काही टायरवाला नाही, वीस-बावीस वर्षं कोथरूडमधून गाडी चालवतोय आणि टायरच्या बाबतीत दोनतीनदा पैसे घालवून शहाणा झालोय, तेवढ्या भांडवलावर ही उत्तरं.

एका शब्दात सांगा, पुण्यात विंटर टायर लागतात का?

नाही.

पण थंडी तर पडते की इथं?

पडते, पण टायरच्या हिशेबात ती थंडीच नाही. खोबरेल तेलाची बाटली आठवा. पुण्यात जानेवारीत सकाळी तेल गोठलेलं असतं, उन्हात ठेवलं की पातळ होतं. रबराचंही काहीसं असंच, फक्त त्याचा आकडा वेगळा. नेहमीच्या टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की कडक व्हायला लागतं आणि रस्त्यावरची पकड सुटायला लागते. विंटर टायरच्या रबरात सिलिका आणि नैसर्गिक रबराचं प्रमाण असं ठेवलेलं असतं की ते शून्याखालीसुद्धा मऊ राहतं. पुण्याचा आजवरचा नीचांक १.७ अंश, तोही १७ जानेवारी १९३५ चा. हल्ली एखाद्या आठवड्यात पारा ८-९ पर्यंत उतरतो, पण तो पहाटे, आणि अकरा वाजता तुम्ही स्वेटर काढून कमरेला बांधलेला असतो. टायर चार किलोमीटर पळाला की स्वतःच गरम होतो. त्यामुळे पाषाण असो की एनडीए, आपल्या थंडीनं टायरचं काही बिघडत नाही, बिघडतं ते फक्त हवेचं प्रेशर, त्याबद्दल खाली लिहिलंय.

मग टाकले तर टाकले, नुकसान काय? हौस म्हणून?

नुकसान आहे आणि चांगलंच आहे. जे रबर उणे १० ला मऊ राहतं ते एप्रिलमध्ये तापलेल्या रस्त्यावर गाजरहलव्यासारखं होतं. नक्षीचे ठोकळे लचकतात, वळणावर गाडी पोहल्यासारखी वाटते, ब्रेक लांब लागतो आणि टायर भराभरा झिजतो. विंटर टायरच्या नक्षीत शेकडो बारीक चिरा असतात, त्या बर्फात रुतण्यासाठी, कोरड्या तापलेल्या डांबरावर त्यांचा उपयोग शून्य. एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर मे महिन्यात १०० च्या स्पीडनं असले टायर घेऊन जाणं मला तरी नको.

शिवाय मिळणार कुठं? पॅसेंजर गाडीचे खरे विंटर टायर आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाहीत आणि जून २०२० पासून सरकारनं टायरची आयात निर्बंधाखाली आणलीय, लायसन्स लागतं. नाना पेठेतल्या टायरवाल्याला जाऊन विचारा, तो तुमच्याकडे बघेल, मग शेजाऱ्याकडे बघेल, मग चहा मागवेल.

टायरवर एम प्लस एस लिहिलंय, म्हणजे हा विंटर टायरच ना?

नाही, इथं खूप लोक फसतात. एम प्लस एस म्हणजे मड आणि स्नो, आणि हे अक्षर टायर बनवणाऱ्यानं स्वतःच छापलेलं असतं, त्यासाठी बर्फावर कुठली परीक्षा द्यावी लागत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच एसयूव्हीच्या टायरवर ते असतंच. खरी खूण वेगळी: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचा सहा पाकळ्यांचा कण. हे चित्र असेल तरच तो टायर दाबलेल्या बर्फावरच्या चाचणीत पास झालेला आहे. चाचणी बर्फावरची म्हणजे स्नोवरची आहे, काचेसारख्या आइसवरची नाही, हेही लक्षात ठेवा.

मुलगा जर्मनीत आहे, त्याला खरंच एवढे पैसे घालायला हवेत का?

हो, आणि इथून पुण्यात बसून त्याच्याशी वाद घालू नका. जर्मनीत रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा काळा बर्फ (रस्त्यावर गोठलेला, न दिसणारा पातळ थर) असेल तर विंटरला चालणारे टायर हा कायदाच आहे. तारीख ठरलेली नाही, रस्त्याची अवस्था बघतात. म्हणून तिथं ऑक्टोबर ते ईस्टर अशी सोपी म्हण झालीय. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथं तो डोंगर आणि कणाचा शिक्का असलेलेच टायर धरतात, जुने नुसते एम प्लस एसवाले चालत नाहीत. सापडलात तर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. ऑलसीझन म्हणजे बारमाही टायरवरही तो शिक्का असला तर कायद्याला पुरतं, शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला तेवढं बास, पण आल्प्सकडे दर शनिवारी स्कीइंगला जाणाऱ्यानं खरे विंटर घ्यावेत.

आणि कॅनडात?

प्रांताप्रमाणे. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती आहे. ओंटारिओत सक्ती नाही, पण २०१६ पासून तिथल्या इन्शुरन्स कंपन्यांना विंटर टायर लावणाऱ्याला सवलत द्यावी लागते. सक्ती नाही म्हणून टोरांटोत उन्हाळी टायरवर जानेवारी काढणारा आपला एखादा भाचा असतोच, पहिल्या वर्षी तो फुटपाथला घासतो आणि दुसऱ्या वर्षी गुपचूप टायर घेतो.

तिकडे दोनच टायर घेतले पुढचे, तर चालतं का?

नको. पुढची चाकं बर्फ पकडून बसतात, मागची मोकाट, आणि पहिल्याच वळणावर गाडीचा पार्श्वभाग पुढे यायला बघतो. घ्यायचे तर चार. परवडत नसतील तर चार ऑलसीझन घ्या, पण अर्धवट नको.

बरं, आम्ही पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन मनालीला चाललोय डिसेंबरात. आता तरी लागतील ना?

हा खरा प्रश्न, त्यामुळे थोडं सविस्तर. पुणे ते मनाली जवळजवळ दोन हजार किलोमीटर, त्यातले बर्फाचे फार तर शेवटचे ३०-४०, तेही पडला तर. म्हणजे विंटर टायर टाकून तुम्ही नाशिक, इंदूर, ग्वाल्हेर, चंदीगड करत कोरड्या हायवेवर ते झिजवत नेणार आणि झिजवत आणणार. याला काही अर्थ नाही. तिथले लोक काय करतात बघा. मनालीतल्या टॅक्सीवाल्यांकडे साखळ्या असतात, बर्फ पडला की चाकांना साखळी चढवतात, बर्फ संपला की उतरवतात. बर्फ जास्त असेल तेव्हा पोलीसच मनालीच्या वरच्या सोलंगच्या अलीकडे अडवतात आणि फोर बाय फोर किंवा साखळीवाल्या गाड्याच पुढे सोडतात, कधी कधी कुणालाच सोडत नाहीत. अटल टनेल ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, ९.०२ किलोमीटरचा, तेव्हापासून टनेलपलीकडच्या सिस्सू गावाला जाऊन बर्फात फोटो काढायचा सगळ्यांचाच बेत असतो, पण टनेलचं तोंड दहा हजार फुटांवर आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या उतारांवरच गाड्या सर्वात जास्त घसरतात.

माझा सल्ला सरळ आहे. स्वतःची गाडी मनालीत हॉटेलच्या पार्किंगला लावा आणि पुढचा प्रवास तिथल्या ड्रायव्हरच्या गाडीतनं करा. त्याचे हात त्या रस्त्यावर बसलेत, आपले हात सिंहगड रोडच्या खड्ड्यांवर बसलेत. दोन्ही कौशल्यंच आहेत, पण वेगळी.

आम्ही ऐकणार नाही, आमची गाडी आम्हीच नेणार. मग साखळी कशी वापरायची?

मीही ऐकलं नव्हतं म्हणा. साखळी टायरच्या मापाचीच घ्या, मोठी ढिली साखळी फेंडर म्हणजे चाकावरचा पत्रा फाडते. इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्या चाकांना लावायची, म्हणजे आपल्या बहुतेक हॅचबॅक-सेडानला पुढच्या. पहिल्यांदा चढवून बघायची ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रविवारी, चहा पीत. उणे ५ मध्ये वाऱ्यात हातमोजे काढून पहिल्यांदा करायला जाल तर बोटं काम करत नाहीत, मागचे हॉर्न मारतात आणि घरातली माणसं गाडीतून सूचना देतात. शंभर मीटर गेल्यावर उतरून पुन्हा ताणायची. वेग ५० च्या खाली, खरंतर २५-३० च बरा. कोरडा रस्ता लागला की काढायची, टनेलमध्ये लावून जायचं नाही, कारण बर्फ नसलेल्या रस्त्यावर साखळी तुटते आणि रस्ताही खराब करते.

आमची फोर बाय फोर आहे, आम्हाला काय फरक पडतो?

चढायला पडतो, थांबायला नाही पडत. ब्रेक चारही चाकांना सगळ्याच गाड्यांना असतो आणि शेवटी रस्त्याला टेकलेला असतो तो प्रत्येक टायरचा तळहाताएवढा तुकडा. सोलंगच्या उतारावर सगळ्यात जोरात घसरताना मी बघितलेली गाडी फोर बाय फोरच होती, कारण तो चढताना फार मजेत चढला होता.

बर्फात चालवताना बाकी काय बघायचं?

सावलीतलं वळण. उन्हातला रस्ता काळा कुळकुळीत दिसतो, सावलीतलाही काळाच दिसतो, पण त्यावर पाण्याचा पातळ थर गोठलेला असतो, तो दिसत नाही. उतारावर खालचा गिअर टाकून इंजिननं गाडी धरायची, ब्रेकवर उभं राहायचं नाही. रात्री पार्क करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, केबल किंवा पॅड गोठून चिकटतात, गिअरमध्ये टाका आणि चाकामागे दगड लावा. डिझेल गाडी असेल तर इथलं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं घट्ट होऊ शकतं, म्हणून टाकी वर गेल्यावर तिथल्याच पंपावर भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं विंटर डिझेल काढलं, ते काही उगाच नाही.

वर गेल्यावर हवा कमी करायची की वाढवायची?

यावर दोन गटांत कायम भांडण असतं आणि गंमत म्हणजे दोघांचंही अर्धं बरोबर आहे. थंडीनं टायरमधली हवा आकसते, ६-७ अंशांना साधारण एक पीएसआय. पुण्यात २५ अंशांना ३३ भरली आणि मनालीत पहाटे उणे २ असेल तर चार-सव्वाचार पीएसआय गेले. पण मनाली दोन हजार मीटरवर आहे, तिथं बाहेरच्या हवेचा दाब पुण्यापेक्षा कमी, आणि आपला गेज मोजतो तो आतला-बाहेरचा फरक, त्यामुळे गेजवर दोनेक पीएसआय परत वाढलेले दिसतात. गोळाबेरीज सुमारे दोनचा तोटा. म्हणून अंदाजपंचे काही करू नका, तिथं सकाळी गाडी हलवायच्या आधी चेक करा आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तेवढी भरा. परत येताना खाली आल्यावर पुन्हा चेक करा, नाहीतर मैदानातल्या उन्हात जास्त हवा घेऊन फिराल.

मग पुण्यात टायरचा सीझन असा काही नाहीच का?

आहे ना, जून! मला खरं बोलायचंय ते याबद्दलच. विंटर टायर या सगळ्या खटाटोपात असतं काय, तर रबर मऊ राहिलं पाहिजे आणि टायर व रस्त्याच्या मध्ये जे काही येतंय त्याला वाट मिळाली पाहिजे. त्यांच्याकडे मध्ये येतो बर्फ, आपल्याकडे येतं पाणी. त्यांचं रबर थंडीनं कडक होतं, आपलं उन्हानं आणि वयानं. म्हणजे रोग एकच आहे, फक्त महिना वेगळा, आणि आपण मात्र डिसेंबरात चौकशी करतो आणि जूनमध्ये गोटा झालेल्या टायरवर ताम्हिणीला भिजायला जातो.

पहिला पाऊस तर अजूनच वाईट. आठ महिन्यांचं सांडलेलं ऑइल, धूळ, टायरचा भुगा सगळं पहिल्या सरीत वर येतं. वळवाच्या पावसात त्यात विलायती शिरीषाच्या शेंगांचा चिकट लगदा, जुन्या झाडांखालच्या रस्त्यांवर टू-व्हीलरवाले पटापट पडतात आणि मग अग्निशमन दलाची गाडी येऊन माती टाकते, हे दृश्य प्रत्येक पुणेकरानं बघितलेलं आहे. चार चाकं असली म्हणून आपण सुटलो असं नाही, आपण पडत नाही एवढंच, पुढच्याच्या डिकीत जातो.

नक्षी किती राहिली की बदलायचे?

कायद्यानं गाडीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर. नवीन टायर साधारण ८ मिलिमीटरचा असतो. टायरच्या बाजूला टीडब्ल्यूआय किंवा छोटा त्रिकोण शोधा, त्याच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाला रबराचं एक उंचवट्यासारखं बटण असतं, नक्षी झिजून त्या बटणाला टेकली की टायर संपला. पण १.६ ही कायद्याची शेवटची रेघ आहे, पासिंगच्या ३५ मार्कांसारखी. कोरड्यात भागतं, पावसात नाही. खाच उथळ झाली की साचलेलं पाणी वेळेत बाहेर फेकलं जात नाही, टायर पाण्यावर चढतो आणि स्टेअरिंग एकदम हलकं होतं, फिरवताय पण गाडी सरळच चाललीय. एकदा अनुभवलं की विसरत नाही. मी मेअखेरीला मोजतो आणि ३ च्या खाली असेल तर पावसाची वाट न बघता बदलतो. मोजायचा गेज शे-दोनशे रुपयांत मिळतो.

आमची गाडी फारशी फिरत नाही, नक्षी नव्यासारखी आहे. मग?

हेच माझं झालं होतं. सात वर्षांची गाडी, बावीस हजार किलोमीटर, नक्षी बघून कुणीही म्हणेल अजून चाळीस हजार चालतील. जुलैमध्ये मुळशीकडून ताम्हिणीत शिरलो, वेग ४० सुद्धा नव्हता, उतारावर शेवाळलेलं वळण, ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी अगदी सावकाश, सभ्यपणे, कडेच्या गटाराकडे निघाली. ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस बिचारं टकटक करत राहिलं. गटारात चाक गेलं, कुणाला काही लागलं नाही, मागून आलेल्या कॉलेजच्या पोरांनी उचलून बाहेर काढली आणि वर म्हणाली काका टायर बघा. बघितले तर बाजूला केसासारख्या बारीक चिरा आणि रबरात नख रुतत नव्हतं. पेन्शनर लोकांच्या, परदेशी मुलांच्या, आठवड्यातून एकदा भाजीला निघणाऱ्या गाड्यांचं पुण्यात हेच होतं, टायर झिजत नाही, म्हातारा होतो. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षांच्या वर कुठल्याच परिस्थितीत नको, नक्षी कितीही छान असली तरी.

टायरचं वय कळतं कसं?

डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. बऱ्याचदा हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि दुकानदार नेमकी ती बाजू आत टाकून फिट करतो. माझ्या बाबतीत एकानं नवा म्हणून विकलेला टायर साडेतीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला होता, मला कळलं ते पंक्चर काढताना चाक उलटं केलं तेव्हा. म्हणून टायर रिमवर चढायच्या आधी आकडे वाचा, मोबाईलमध्ये फोटो काढा, त्यानं तोंड वाकडं केलं तरी करू द्या.

कुठला टायर घ्यायचा पावसासाठी?

कंपनीचं नाव सांगणार नाही, गाडीप्रमाणे बदलतं. बघायचं काय ते सांगतो. एक म्हणजे मधून गोल फिरणाऱ्या तीन-चार खोल सरळ खाचा, पाणी त्यातनं जातं. दुसरं म्हणजे ओल्या रस्त्यावरची पकड. आपल्याकडे आता एआयएस १४२ नावाचं मानक आहे, त्यात रोलिंग रेझिस्टन्स (चाक फिरताना होणारा अटकाव), वेट ग्रिप (ओल्यातली पकड) आणि आवाज या तीन गोष्टी तपासतात, नवीन डिझाइनच्या टायरला ते ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालं. ही एआयएस मानकं निघतात आपल्याच एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेमधून, वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाताना जिचं कुंपण लागतं तीच. टायरवर इंधन बचतीचे स्टार लावलेले दिसले तर ते मायलेजचे असतात, पावसातल्या ब्रेकचे नव्हे, गल्लत करू नका. आणि जास्तीत जास्त किलोमीटर चालणारा टायर मागितलात तर तो कडक रबराचाच देणार, मग पावसात कुरकुर करायची नाही.

दोनच बदलायचेत. नवे पुढे टाकू की मागे?

मागे. दुकानात यावरनं शंभर टक्के वाद होतो, तो म्हणेल साहेब पुढे इंजिन आहे, स्टेअरिंग आहे, नवे पुढेच टाका. टायर कंपन्या स्वतः मात्र मागे टाकायला सांगतात. कारण असं की पुढचे टायर घसरले तर गाडी वळायचं सोडून सरळ जाते, पाय काढला की बऱ्यापैकी सावरते. मागचे घसरले तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि ते सावरणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही. कात्रज घाटात उतरताना तर मुळीच नाही.

पावसात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते म्हणतात?

चूक. हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो आणि पाण्यावर लवकर चढतो. स्टिकरवरचा आकडा, थंड टायरला, पंधरा दिवसांनी एकदा. चांदणी चौकापर्यंत जाऊन मग पंपावर हवा बघितलीत तर टायर तापलेला असतो आणि आकडा दोन-तीननं जास्त येतो.

नायट्रोजन?

हवेत ७८ टक्के तोच असतो. फुकट असेल तर भरा.

उन्हाळ्याचं काय, टायर फुटतात ते?

फुटतात ते बहुतेक वेळा कमी हवेनं, जास्त हवेनं नाही. हवा कमी असली की बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकते, आतून तापते, आणि काँक्रीटच्या रस्त्यावर लांब अंतर वेगानं गेलं की थर सुटतात. समृद्धीवर १२० ची मुभा आहे म्हणून तिथं हे जास्त जाणवलं, २०२३ मध्ये आरटीओनं टायर तपासून गुळगुळीतवाल्यांना परत पाठवायला सुरुवात केली होती. खड्ड्यात आपटून टायरला बाजूनं फुगा आला असेल तर तो बदलाच, दुरुस्त होत नाही, कुणी होतो म्हणाला तरी.

इलेक्ट्रिक गाडीला वेगळं काही?

बॅटरीमुळे गाडी जड आणि उठाव जोरात, त्यामुळे टायर लवकर झिजतात. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, कंपनीनं दिलेल्यापेक्षा कमी घेऊ नका, स्वस्त मिळतोय म्हणून तर अजिबातच नको. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, असा तो आकडा असतो.

आणि स्टेपनी?

सगळे चार टायर बदलतात आणि स्टेपनी गाडीबरोबर आलेली तीच राहते, दहा वर्षांची, कधी न वापरलेली, त्यामुळे सगळ्यांना ती नवी वाटते. तिच्यावरचे चार आकडे वाचा, आणि हवा चेक करताना पाचवा टायर पण काढायला सांगा, डिकीतलं सामान काढायचा कंटाळा येतो हे मान्य आहे. वरंध घाटात, पावसात, रेंज नसताना व्हीलपाना घेऊन उतरल्यावर ती बसकी निघाली तर काय होतं ते मी सांगत नाही, घरातली माणसं आजही सांगतात.